ज्या जागेवर घर पाडलं, तिथंच त्यानं स्टेज बांधलं. आयर्लंडच्या जमीनदारांना घाम फोडणारा एका हाताचा मायकल डेव्हिट

१ फेब्रुवारी १८८०. आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो नावाचा जिल्हा आहे, त्या जिल्ह्यातल्या स्ट्रेड नावाच्या एका बारक्या खेड्यात सभा भरली होती. आजूबाजूच्या गावांतून शेतकरी आले होते. विषय एकच, जमीनदारांचा खंड.

स्टेजवर उभा असलेला मुख्य वक्ता ३३ वर्षांचा होता. उंच, काळी दाढी, उजव्या कोटाची बाही रिकामी. त्याला उजवा हातच नव्हता. तो बोलता बोलता स्टेजच्या खालच्या जमिनीकडे लोकांचं लक्ष वळवत होता, कारण ते स्टेज ज्या जागेवर बांधलं होतं ती काही साधी जागा नव्हती. ३० वर्षांपूर्वी तिथं त्याच्या आईबापाचं घर होतं. खंड थकला म्हणून ते घर पाडून कुटुंबाला रस्त्यावर काढलं होतं, आणि तेव्हा हा वक्ता साडेचार वर्षांचा पोरगा होता.

त्याचं नाव मायकल डेव्हिट.

आयर्लंडच्या इतिहासात पार्नेल, डी व्हॅलेरा, मायकल कॉलिन्स ही नावं मोठी. डेव्हिटचं नाव त्यांच्या मागं कुठंतरी येतं. पण आयर्लंडमधल्या सामान्य शेतकऱ्याच्या नावावर सातबारा चढला (तिकडं सातबारा नसतो, पण मुद्दा तोच) त्यामागं सगळ्यात जास्त खपलेला माणूस शोधायचा तर स्ट्रेडलाच जावं लागतं.

आधी गावाबद्दल सांगायला हवं. स्ट्रेड हे नाव आयरिश भाषेतल्या 'अन त्राड' वरून आलंय आणि त्याचा अर्थ आहे रस्ता. म्हणजे रस्त्याच्या कडेला वसलेलं गाव. गावात बघण्यासारखं काय, तर १३व्या शतकातला एक मठ. जॉर्डन डी एक्सेटर या सरदारानं तो फ्रान्सिस्कन साधूंसाठी उभा केला आणि १२५२ मध्ये तो डोमिनिकन साधूंकडं गेला. त्या घराण्यातल्या एका बाईनं फ्रान्सिस्कन साधूंना घालवा म्हणून अन्नपाणी सोडलं होतं, अशी आख्यायिका आहे. खरंखोटं त्या साधूंनाच माहीत. पुढं मठ ओस पडला, छप्पर गेलं, भिंती राहिल्या. आतल्या एका थडग्यावरचं दगडी कोरीवकाम मात्र आजही शाबूत आहे आणि आयर्लंडमधल्या मध्ययुगीन शिल्पकामाच्या चांगल्या नमुन्यांत ते धरलं जातं.

याच गावात २५ मार्च १८४६ ला मार्टिन आणि कॅथरीन डेव्हिट यांच्या पोटी मायकल जन्मला.

वर्ष बघा, १८४६. आयर्लंडच्या इतिहासातला सगळ्यात वाईट काळ. १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला होता. गरीब आयरिश माणूस तिन्ही त्रिकाळ बटाटाच खायचा, कारण तुकडाभर जमिनीत कुटुंब जगवायचं तर दुसरं कुठलं पीक परवडायचं नाही. जमिनीत जे धान्य यायचं ते खंड भरण्यासाठी विकावं लागायचं. बटाटा गेला आणि लोक माशांसारखे मेले. पुढच्या सहासात वर्षांत साधारण १० लाख माणसं उपासमारीनं आणि रोगानं गेली, आणखी १० लाख देश सोडून गेली. आणि त्याच काळात आयर्लंडमधून धान्य आणि जनावरं जहाजात भरून इंग्लंडला जात होती.

मेयो जिल्ह्याला याचा तडाखा सगळ्यात जास्त बसला. डेव्हिट कुटुंब उपाशी मेलं नाही पण खंड थकत गेला. १८५० मध्ये जमीनदाराची माणसं आली, सामान बाहेर फेकलं, घर मोडलं.

तिथून हे कुटुंब स्विनफर्डच्या वर्कहाऊसमध्ये गेलं. वर्कहाऊस म्हणजे गरिबांसाठीचं सरकारी आश्रयस्थान. तिथं जेवण मिळायचं, पण नियम असा की नवरा एकीकडं, बायको दुसरीकडं, आणि तीन वर्षांवरच्या मुलाला आईपासून वेगळं ठेवायचं. मायकल चार वर्षांचा. कॅथरीनबाईंनी नियम ऐकला आणि पोरांना घेऊन तिथून बाहेर पडल्या. उपाशी मरू पण पोर तोडून देणार नाही, हा त्यांचा निर्णय. पुढं मायकलनं जे केलं त्याची मुळं शोधणारे बापाकडं बघतात, कारण मार्टिन लिहितावाचता होता आणि तरुणपणी शेतकऱ्यांच्या एका गुप्त संघटनेत होता. पण वर्कहाऊसच्या दारातला तो एक निर्णय आईचा होता.

कुटुंब समुद्र ओलांडून लिव्हरपूलला उतरलं आणि तिथून हॅस्लिंगडेन या लँकेशायरमधल्या कापड गिरण्यांच्या गावाला गेलं. तिथं मेयोची माणसं आधीच येऊन राहिली होती. मुंबईत गिरणगावात कोकणातली माणसं एकाच चाळीत राहायची, तसंच काहीसं. घरात आयरिश भाषा, बाहेर इंग्रजी, आणि आयरिश म्हणून खालच्या नजरेनं बघणारे शेजारी.

नवव्या वर्षी मायकल गिरणीत लागला. १८५७ चा मे महिना. अकरा वर्षांचा पोरगा त्याच्या वयाला झेपणार नाही अशा यंत्रावर उभा केला होता. उजवा हात दातेरी चाकात गेला. दहाएक दिवसांनी डॉक्टरांना तो हात कापावा लागला. गिरणीमालकाकडून भरपाई म्हणून एक पैसा मिळाला नाही.

इथं गोष्टीला एक विचित्र वळण लागतं. हात शाबूत राहिला असता तर मायकल आयुष्यभर गिरणीतच राबला असता. हात गेला म्हणून तो कामाला निरुपयोगी ठरला, आणि कामाला निरुपयोगी म्हणून शाळेत गेला. जॉन डीन नावाच्या एका स्थानिक सद्गृहस्थानं त्याची फी भरली. शाळा वेस्लियन पंथाची, म्हणजे प्रोटेस्टंट. मायकल कॅथलिक. पण तिथल्या शिक्षकानं त्याला वेगळं वागवलं नाही, आणि पुढं आयर्लंडच्या राजकारणात कॅथलिक-प्रोटेस्टंट वाद पेटले तेव्हा डेव्हिट कधी त्या आगीत तेल ओतायला गेला नाही. १५व्या वर्षी त्याला गावच्या पोस्टात नोकरी लागली. पोस्टमास्तरचा छापखानाही होता, तिथं तो एका हातानं खिळे जुळवायला शिकला आणि संध्याकाळी कामगारांच्या वाचनालयात बसून इतिहास वाचायला लागला.

इतिहास वाचला आणि डोकं फिरलं.

१८६५ मध्ये तो फेनियन चळवळीत गेला. ही क्रांतिकारकांची गुप्त संघटना होती, सशस्त्र उठावानं आयर्लंड स्वतंत्र करायचं हे तिचं ध्येय. १८६७ मध्ये चेस्टरच्या किल्ल्यातली शस्त्रं लुटायचा बेत ठरला. त्यात डेव्हिट होता. बेत फुटला, सगळे गुपचूप परत आले. मग तो फिरता विक्रेता बनून इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये हिंडायला लागला. वर दाखवायला व्यापार, आत संघटनेसाठी बंदुकांची जमवाजमव. १४ मे १८७० ला लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवर पोलिसांनी त्याला पकडलं. शिक्षा झाली १५ वर्षं सक्तमजुरी.

डार्टमूरचा तुरुंग म्हणजे थंडगार माळावरची दगडी कोठडी. एका हाताच्या माणसाला तिथं दगड फोडायला लावलं, जनावरांसारखं गाडीला जुंपलं. राजकीय कैदी म्हणून कसलीही सवलत नाही. चोर-दरोडेखोरांच्या रांगेत त्याची रांग. सात वर्षांनी, डिसेंबर १८७७ मध्ये, अटींवर सुटका झाली. अट अशी की सरकारला वाटेल तेव्हा परत आत टाकता येईल. ती तलवार पुढची कित्येक वर्षं डोक्यावर लटकत होती.

सुटून तो डब्लिनला आला, तेव्हा त्याच्यासोबत चार्ल्स मॅकार्थी नावाचा आणखी एक सुटलेला फेनियन होता. तुरुंगानं त्याचं काळीज पार पोखरलं होतं. डब्लिनला पोचल्यावर स्वागताच्या गडबडीतच तो कोसळला आणि गेला. त्याचा देह ठेवायला एकच चर्च तयार झालं, क्लॅरेंडन स्ट्रीटवरचं कार्मेलाइट साधूंचं. डेव्हिटनं ते लक्षात ठेवलं.

मग तो मेयोला गेला. २८ वर्षांनी गावाकडं. बघतो तर काय, काहीच बदललं नव्हतं. देशातली निम्मी जमीन हजारापेक्षाही कमी जमीनदारांच्या हातात. त्यातले कित्येक लंडनला राहायचे आणि खंड गोळा करायला कारभारी ठेवायचे. शेतकऱ्यानं बांध घातला, शेत सुधारलं, घराला छप्पर घातलं तर जमिनीची किंमत वाढली म्हणून खंड वाढायचा. म्हणजे कष्ट केले की दंड. खंड वर्षाच्या बोलीवर, कधीही काढून टाका. त्यात १८७७ पासून पाऊस जास्त झाला, पिकं गेली, अमेरिकेचा स्वस्त गहू आल्यानं भाव पडले. १८७९ मध्ये बटाटाही बसला. म्हाताऱ्या लोकांना पुन्हा १८४६ दिसायला लागलं.

डेव्हिटच्या डोक्यात इथं एक गोष्ट पक्की झाली. बंदुका गोळा करून गुप्तपणे चार माणसं लढतात आणि तुरुंगात जातात. पण खंड देणारा शेतकरी लाखोंनी आहे आणि तो नाही म्हणाला तर जमीनदाराचं काय चालतं? स्वातंत्र्याचं स्वप्न उपाशी माणसाला कळत नाही, त्याला त्याच्या वावराचं कळतं. म्हणून लढा वावरापासून सुरू करायचा.

२० एप्रिल १८७९ ला मेयोतल्याच आयरिशटाऊन नावाच्या खेड्यात पहिली मोठी सभा झाली. हजारो लोक आले. स्थानिक संपादक जेम्स डेली पुढं होता. गंमत म्हणजे सभेची जुळवाजुळव करणारा डेव्हिट स्वतः तिथं नव्हता. पण परिणाम लगेच दिसला, तिथल्या शेतकऱ्यांचा खंड कमी झाला. ती जमीन एका कॅथलिक धर्मगुरूच्या घराण्याकडं होती असं सांगितलं जातं, त्यामुळं ही लढाई धर्माची नाही हे पहिल्याच दिवशी ठरून गेलं.

जूनमध्ये वेस्टपोर्टच्या सभेला डेव्हिटनं चार्ल्स स्टुअर्ट पार्नेलला आणलं. पार्नेल खासदार, प्रोटेस्टंट आणि स्वतः जमीनदार. दोघांची जोडी म्हणजे विळ्या-भोपळ्याची मोट. पण डेव्हिटला माहीत होतं, खेड्यातला आवाज लंडनच्या संसदेत पोचवायचा तर हा माणूस लागणार. १६ ऑगस्ट १८७९ ला कॅसलबारमध्ये मेयोची लँड लीग निघाली. २१ ऑक्टोबरला डब्लिनमध्ये तिची राष्ट्रीय संघटना झाली. अध्यक्ष पार्नेल. डेव्हिट सचिवांपैकी एक. नाव एकाचं, राबणं दुसऱ्याचं, हे तिथूनच सुरू झालं.

लीगची पद्धत साधी होती. रास्त वाटेल तेवढाच खंड द्यायचा. शेतकऱ्याला घराबाहेर काढलं तर गर्दी करून विरोध करायचा, त्याच्या कुटुंबाला लीगच्या पैशातून आसरा द्यायचा. आणि काढून टाकलेल्याची जमीन दुसऱ्या कुणी घेतली तर त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, दुकानदारानं माल द्यायचा नाही, लोहारानं घोड्याला नाल मारायचा नाही.

याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग मेयोतच झाला. लॉक मास्क तलावाकाठी लॉर्ड अर्नचा कारभारी होता कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. १८८० च्या शरदात त्यानं शेतकऱ्यांना काढायच्या नोटिसा दिल्या. झालं. घरातले नोकर गेले, मजूर गेले, डाक आणणारा पोरगा यायचा बंद झाला. उभं पीक शेतात सडायला लागलं. शेवटी उत्तरेकडून ५० मजूर आणले आणि त्यांच्या रक्षणाला सैन्य आणि पोलीस मिळून हजारभर माणसं तैनात केली. जेमतेम ५०० पौंडांचं पीक काढायला १० हजार पौंड खर्च झाला असं तेव्हा बोललं गेलं. पीक निघालं, पण कॅप्टनसाहेब बायकोला घेऊन आयर्लंड सोडून गेले. जवळच्या गावचे पाद्री जॉन ओमॅली यांनी शेतकऱ्यांना उच्चारायला सोपं पडावं म्हणून या प्रकाराला कॅप्टनचंच आडनाव देऊन टाकलं. बॉयकॉट हा शब्द असा जन्मला.

हा प्रकार सुरू झाला तेव्हा डेव्हिट अमेरिकेत लीगसाठी निधी गोळा करत होता, त्यामुळं बॉयकॉटला त्यानं पळवून लावलं असं म्हणणं चुकीचं ठरेल. पण ज्या गावकऱ्यांनी ते केलं, त्यांना एकत्र बांधणारी दोरी त्यानं वळली होती.

फेब्रुवारी १८८१ मध्ये सरकारनं ती टांगती तलवार खाली सोडली. सुटकेची अट मोडली म्हणून डेव्हिट परत तुरुंगात. या वेळी पोर्टलँडला, आणि वागणूक बरी होती. तिथं त्याला एक ब्लॅकबर्ड पाळायची परवानगी मिळाली. त्यानं तुरुंगात जे लिहिलं ते त्या पाखराला उद्देशून दिलेल्या व्याख्यानांच्या रूपात. १८८५ मध्ये त्याचं पुस्तक निघालं.

तो आत असतानाच संसदेत १८८१ चा जमीन कायदा झाला. रास्त खंड ठरवायला न्यायाधिकरण, खंड भरला तर जमीन सुटणार नाही याची हमी, आणि कुळाला आपला हक्क विकायची मुभा. आयरिश शेतकरी पिढ्यानपिढ्या हेच मागत होता. पण लगेच पार्नेलसारख्या नेत्यांनाही अटक झाली आणि लीगवर बंदी आली. मग सरकारनं पार्नेलशी समझोता केला. ६ मे १८८२ ला डेव्हिट सुटला, आणि त्याच संध्याकाळी डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये ब्रिटिश सरकारच्या दोन बड्या अधिकाऱ्यांचा भोसकून खून झाला. डेव्हिटनं पार्नेलसोबत तातडीनं निषेध केला. एकेकाळी बंदुका जमवणारा माणूस आता रक्तपातानं शेतकऱ्याचं नुकसानच होतं असं मानायला लागला होता.

इथून पुढं तो आपल्याच लोकांत एकटा पडत गेला. त्याचं म्हणणं होतं की जमीनदाराकडून काढून शेतकऱ्याला मालक करायचं, तर उद्या तोच शेतकरी शेतमजुराचा जमीनदार होईल. म्हणून जमीन सगळ्या राष्ट्राची असावी, कसणाऱ्यानं राष्ट्राला कर द्यावा. अमेरिकन विचारवंत हेन्री जॉर्जचा हा प्रभाव. पार्नेलला ते पटलं नाही. शेतकऱ्यालाही पटलं नाही, कारण ज्याच्या आज्याला घराबाहेर काढलं होतं त्याला कागदावर स्वतःचं नाव बघायचं होतं. डेव्हिटनं ज्यांच्यासाठी आयुष्य घातलं त्यांनीच त्याची सगळ्यात लाडकी कल्पना नाकारली. त्यानं हट्ट धरून चळवळ फोडली नाही, आणि कल्पनाही सोडली नाही.

याच काळात त्याचं लक्ष हिंदुस्थानाकडं गेलं. दादाभाई नौरोजींना एखाद्या आयरिश मतदारसंघातून ब्रिटिश संसदेत पाठवावं असं त्यानं पार्नेलला सुचवलं होतं. हिंदी माणसाचा आवाज आयर्लंडच्या मतांवर संसदेत जावा, ही कल्पना तेव्हा भलतीच धाडसाची. पार्नेलनं ती अमलात आणली नाही. शेवटी १८९२ मध्ये दादाभाई लंडनच्या फिन्सबरी सेंट्रलमधून हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी निवडून आले. दोन वर्षांनी काँग्रेसच्या मद्रास अधिवेशनाचा अध्यक्ष झाला आल्फ्रेड वेब, हाही आयरिश खासदार. आणि मेयोच्या शेतात जन्मलेला बॉयकॉट आपल्याकडं बहिष्कार म्हणून आला. वंगभंगानंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत तो स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या पंगतीला बसला.

१८८६ मध्ये डेव्हिटनं अमेरिकेत मेरी योर हिच्याशी लग्न केलं. लोकांनी वर्गणी काढून त्यांना डब्लिनजवळ एक घर घेऊन दिलं. पैशाची मात्र कायम ओढाताण. लेख लिहून, व्याख्यानं देऊन संसार चालायचा. खासदार झाला, एकदा निवडणूक रद्द झाली, एकदा दिवाळखोरीमुळं जागा सोडावी लागली. पार्नेलच्या प्रेमप्रकरणावरून पक्ष फुटला तेव्हा डेव्हिट त्याच्या विरोधात गेला. ती जखम दोन्हीकडं राहिली.

१८९५ पासून तो दक्षिण मेयोचा खासदार होता, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचा. १८९९ मध्ये ब्रिटन आणि बोअर लोकांमध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा निषेध म्हणून त्यानं राजीनामा दिला आणि थेट दक्षिण आफ्रिका गाठली. १९०३ मध्ये रशियातल्या किशिनेव्हमध्ये ज्यूंची कत्तल झाली. डेव्हिट पत्रकार म्हणून तिथं गेला, वाचलेल्यांना भेटला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. (बोअरांच्या बाजूनं बोलताना तिथल्या काळ्या माणसांचा प्रश्न त्याच्या नजरेतून सुटला, ही त्याची उणी बाजू नोंदवायलाच हवी.)

त्याच वर्षी संसदेनं नवा कायदा केला. सरकारच्या कर्जातून शेतकऱ्यांनी जमीनदारांकडून जमिनी विकत घ्यायच्या. पुढच्या काही वर्षांत जमीनदारी आयर्लंडमधून जवळपास संपली. डेव्हिटला यात आनंद व्हायला हवा होता, पण जमीनदारांना भरमसाट किंमत मिळते आहे म्हणून तो कुरकुरतच राहिला.

१९०६ च्या वसंतात त्यानं एक दात काढला. त्यातून रक्तात विष पसरलं. वयाच्या ६०व्या वर्षी, ३० मे १९०६ ला तो डब्लिनमध्ये गेला. मोठी अंत्ययात्रा नको, देह क्लॅरेंडन स्ट्रीटच्या त्याच चर्चमध्ये ठेवा, असं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. मॅकार्थीला जागा देणारं चर्च. जाहीर समारंभ झाला नाही, तरी दुसऱ्या दिवशी वीस हजारांवर माणसं त्याच्या शवपेटीसमोरून गेली. त्यात ब्रिटिश राजाचा आयर्लंडमधला प्रतिनिधीही होता. ज्या सरकारनं त्याला दगड फोडायला लावलं, त्याच सरकारचा.

मग त्याला मेयोला नेलं. स्ट्रेडच्या त्या १३व्या शतकातल्या पडक्या मठाच्या आवारात त्याची कबर आहे. शेजारीच एक जुनं चर्च आहे, जिथं १८४६ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला होता. ते दुरुस्त करून तिथं आता त्याचं संग्रहालय केलंय. त्याच जिल्ह्यात अकिल बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पूल १८८७ मध्ये बांधला, त्याचं उद्घाटन डेव्हिटनं केलं होतं. तो पूल नंतर दोनदा नव्यानं बांधला गेला, नाव मात्र अजून मायकल डेव्हिटचंच आहे.